विहिरीपाशी बांधलेलं शिंगरू

आपल्या मुलीने पुस्तकं वाचावीत असं एर्मेकला वाटलं, आणि इथूनच सगळं बिनसलं. आता ही इच्छा म्हणजे काही गुन्हा नव्हे. ताराझ शहराच्या पाणीपुरवठा खात्यात मीटरच्या विभागात बसणारा, पोट जरा पुढे आलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. त्याने याहून साधी इच्छा काय धरायची? घराशेजारी, त्याच मजल्यावर राहणाऱ्या पाक नावाच्या कोरियन दंतवैद्याने बाल्कनीत मधमाश्या पाळल्या होत्या. त्याचं काही वाकडं झालं नाही. एर्मेकने फक्त बाल्कनीतून एक खोका बाहेर काढला.

तो खोका काकड्यांच्या बरण्या, एकच उरलेली स्की आणि बंद पडलेलं व्हॅक्यूम क्लीनर यांच्या खाली दबलेला होता. त्यात एर्मेकच्या लहानपणची पुस्तकं होती. थोरामोठ्यांनी नावाजलेल्या, पिढ्यान् पिढ्या मुलांच्या माथी मारलेल्या अशा जाडजूड बालकादंबऱ्या. एर्मेकने त्यांच्यावरची धूळ झटकली, दोनदा शिंकला, आणि सद्गदित होऊन नऊ वर्षांच्या अकबोतासमोर त्यांची चळत ठेवली.

"मी तुझ्याएवढा असताना ही वाचून रडलो होतो," तो म्हणाला.

"मग मला कशाला देतोस?" अकबोताने विचारलं.

तिने वाचायला नकार दिला असता तर बरं झालं असतं. चारचौघांच्या घरी मुलं नकार देतात, आईबाप कपाळाला हात लावतात, पुस्तकं परत बाल्कनीत जातात आणि सगळे सुखाने जगतात. अकबोताने ती वाचली. सगळी. आणि वाचून झाल्यावर तिला मतं झाली.

"या पुस्तकांतली सगळी मुलं अनाथ का असतात ते मला कळलं," जेवताना ती म्हणाली. "आई असली तर तिसऱ्या पानावर म्हणणार, टोपी घाल आणि घरात ये. संपलं पुस्तक."

एर्मेकची बायको शोल्पान हे ऐकून खूश झाली, कारण टोपीबद्दल कुणी तिची बाजू घेण्याची त्या घरातली ही पहिलीच वेळ होती.

"आणि ते चौघं बेटावर अडकतात ना, त्यांनी वर्षभर नखं कापलेली नाहीत. मी शेवटपर्यंत वाट बघितली. लेखकाच्या लक्षातच नाही. आणि त्या दुसऱ्यात कुत्रा मरतो. कशाला? सगळं आटपलं होतं, लोक घरी निघाले होते. कुत्र्यालाही घरीच जायचं होतं!"

घरात बोलली असती तरी चाललं असतं. पण इमारतीच्या दाराशी एक बाक आहे आणि त्या बाकावर कुल्याश आझे बसतात. आझे म्हणजे आजी. त्या कुणाच्या आजी हे आता कुणालाच आठवत नव्हतं, पण अख्खी इमारत त्यांना वचकून असे. अकबोता त्यांच्या शेजारी बसून रोज एकेका पुस्तकाची चिरफाड करू लागली. तिसऱ्या दिवशी आझेंनी कामावरून येणाऱ्या एर्मेकला अडवलं.

"अरे, पोरीला मतं झालीत."

"हो आझे. पुस्तकं वाचते."

"ते असू दे. माझ्या पुतण्याच्या पोरीलाही झाली होती. वेळेवर बघितलं नाही. आता वकील आहे." आझेंनी सुस्कारा सोडला. "आद्रास्पान जाळ घरात. नजर लागलीय."

आद्रास्पानच्या वाळक्या काड्यांचा धूर घरभर फिरवण्यात आला. एर्मेकचे डोळे सुजले, पाकच्या मधमाश्या सैरभैर होऊन दुसऱ्या मजल्यावर गेल्या, आणि अकबोता मध्ये मध्ये खोकत मतं देऊ लागली, एवढाच फरक पडला.

तरीसुद्धा हे सगळं निभावून गेलं असतं, जर एर्मेकने ऑफिसात बढाई मारली नसती. बाप माणसाला ही एक खोडच असते. वरच्या मजल्यावर सांस्कृतिक खातं होतं आणि तिथले साहेब, तुर्सिन, आपल्या गळक्या नळाची तक्रार घेऊन खाली आले होते. नळ कधी दुरुस्त होईल हे एर्मेकला सांगता येईना, म्हणून त्याने विषय बदलला.

"आमच्या अकबोताने 'निळ्या खुरांचं शिंगरू' दोन दिवसांत संपवलं!"

तुर्सिनसाहेब नळ विसरले. "काय सांगतोस! अख्खं?"

'निळ्या खुरांचं शिंगरू' हे पुस्तक त्या शहराला कुणी सांगायला नको. बर्फाच्या वादळात जन्मलेलं ते शिंगरू, आणि त्याला आपल्या कोटात घेऊन ऊब देणारा तो इसेन नावाचा पोरगा! शहराच्या बागेत त्या शिंगराचा पितळी पुतळा आहे आणि नगरपालिका दर वसंतात त्याचे खूर निळे रंगवते. बसथांब्याचं नाव 'शिंगरू' आहे. त्या नावाची बिस्किटं मिळतात आणि ती दगडासारखी असूनही लोक अभिमानाने खातात. पुस्तकाचे लेखक ओराझाली अता, अता म्हणजे आजोबा, हयात होते, स्टेशनमागे राहत होते, आणि पुस्तकाला पन्नास वर्षं झाल्याबद्दल त्या महिन्यात मोठा सोहळा व्हायचा होता.

"आम्हाला एक बालवाचक हवाच होता," तुर्सिनसाहेब म्हणाले. "व्यासपीठावर उभं राहून मनातलं उत्स्फूर्त मत सांगायचं. दोन मिनिटं. जमेल?"

"जमेल म्हणजे काय!" एर्मेक म्हणाला. मतांची आपल्या घरी काय वाण, असं त्याच्या मनात आलं. मत काय आहे हे आधी विचारून घ्यावं, एवढं मात्र आलं नाही.

ते त्याने घरी आल्यावर विचारलं.

"छान आहे," अकबोता म्हणाली. एर्मेकचा जीव भांड्यात पडला. "अकराव्या प्रकरणापर्यंत."

"मग पुढे काय झालं?"

"अकराव्यात इसेन शिंगराला खाऱ्या विहिरीपाशी खुंटाला बांधतो आणि म्हणतो, थांब हं, मी आत्ता आलो. मग तो शहरात जातो. शाळेत जातो. कृषितज्ज्ञ होतो. त्याला पदक मिळतं. लग्न होतं. पुस्तक संपतं."

"बरं मग?"

"मग काय, पापा? शिंगरू बांधलेलंच आहे."

एर्मेक हसला. मग त्याने बघितलं की ती हसत नाहीये.

"अगं, कुणीतरी सोडलं असेल."

"कोण? तिथं दुसरं माणूसच नाहीये. मी तीनदा बघितलं. आणि ती विहीर इतकी खोल आहे की त्याचं तोंड पाण्यापर्यंत पोचत नाही, हेही लिहिलंय." तिने डोळे पुसले. "मला आता कुठलंच पुस्तक नको. हे लोक जनावरं बांधून ठेवतात आणि विसरून जातात."

दुसऱ्या दिवशी एर्मेकने ऑफिसात मीटरच्या नोंदवहीआड धरून ते पुस्तक वाचलं. शाळेच्या पाठ्यपुस्तकात होतं ते पहिलं प्रकरण त्याला तोंडपाठ होतं. पुढचं सगळं कसं कोण जाणे, अगदी नवीन वाटत होतं. पोरीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. शेवटच्या प्रकरणात एकदा 'घोडा' हा शब्द दिसला तेव्हा तो खुर्चीतून उठला. पण तो घोडा पदकावर कोरलेला होता.

इकडे अकबोताचं उत्स्फूर्त मत तिच्या शाळेतल्या गुलझान अपाय टाइप करून घेऊन आल्या. अपाय म्हणजे बाई. आणि या बाई पंचवीस वर्षं ते पहिलं प्रकरण शिकवत आल्या होत्या आणि दर वर्षी त्याच वाक्याला रडत आल्या होत्या. मताचा शेवट असा होता: 'आणि शेवटी शिंगरू सुखरूप घरी परतलं, हे मला सर्वांत जास्त आवडलं.'

"परतलंच नाही," अकबोता म्हणाली. "मी नाही म्हणणार."

"असं नाही बोलायचं राणी," अपाय म्हणाल्या. "ते उत्स्फूर्त आहे."

अकबोताने पेन घेतलं, ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: 'शिंगरू अजून बांधलेलं आहे. कृपया सोडा.' आणि तो कागद तसाच तुर्सिनसाहेबांच्या टेबलावर गेला, कारण बालवाचकाच्या उत्स्फूर्त मतावर सांस्कृतिक खात्याचा शिक्का लागतो.

"हे मत आहे की तक्रार?" तुर्सिनसाहेबांनी एर्मेकला बोलावून विचारलं.

"मत आहे साहेब. लहान आहे ती."

"मला तर तक्रार वाटते. आणि ती जनावराबद्दल आहे. जनावरं आमच्याकडे येत नाहीत, ती पशुवैद्यकीय विभागाकडे. त्यांच्याकडून लिहून आण की या शिंगराबाबत काही प्रलंबित नाही. मी शिक्का मारतो."

एखाद्या शहाण्या माणसाने इथे नमस्कार करून घरचा रस्ता धरला असता. एर्मेक पशुवैद्यकीय विभागाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढे एक मेंढपाळ होता आणि मागे एक बाई पोपट घेऊन आली होती. खिडकीतल्या अधिकाऱ्याने चहाचा पेला बाजूला ठेवला.

"कसलं जनावर?"

"शिंगरू."

"कानातला बिल्ला?"

"नाही. खूर निळे आहेत."

अधिकाऱ्याने तेही लिहून घेतलं. "मालक?"

"इसेन. आडनाव दिलेलं नाही. तो आता कृषितज्ज्ञ आहे. पदक मिळालंय त्याला."

अधिकाऱ्याने लिहिणं थांबवलं आणि इकडेतिकडे बघितलं. "हे बघा, पदक मिळालेल्या माणसाविरुद्ध आम्ही काही घेत नाही. आणि तोही कृषी खात्यातला! तुम्हाला कुणी पाठवलं? वय काय जनावराचं?"

"पन्नास."

"पन्नास वर्षांचं शिंगरू?" अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. "मग सोपं आहे की! नैसर्गिक मृत्यू. आत्ता दाखला देतो, दोन मिनिटांचं काम. मेलं म्हणजे प्रश्न मिटला."

"मेलेलं नाही ते!" एर्मेक ओरडला.

आपण ओरडलो हे त्याला पोपटाने तेच वाक्य परत म्हटल्यावर कळलं. रांग त्याच्याकडे बघत होती. त्याचे कान तापले, पण गप्प बसवेना. "ते बांधलेलं आहे," तो म्हणाला. "उभं आहे तिथं. कशाला मारता उगाच?"

मेंढपाळाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कुठली विहीर, भाऊ? मी परवा त्या बाजूला जाणार आहे."

दाखला न घेता एर्मेक घरी आला. दारातच शोल्पानने त्याला फैलावर घेतलं. "पोरीला पुस्तकं द्यायला कुणी सांगितलं होतं? मोबाइल बघत होती, सुखात होतो सगळे! आता सोहळ्यात पोर उभी राहून अतांच्या तोंडावर म्हणणार, तुम्ही घोडा विसरलात. कझाक माणसाला! त्यापेक्षा पोरं विसरलात म्हटलेलं परवडलं. नाक कापलं जाईल आपलं."

"मग ते परतलं असं म्हणू दे का तिला?"

शोल्पानने आत बघितलं. अकबोता कागदावर विहीर काढत बसली होती. बादलीसकट.

"ते मला नको विचारूस," शोल्पान म्हणाली.

तोडगा शेवटी बाकावर निघाला. पाक म्हणाला, मुलीला ऐन वेळी दाढदुखी आहे असं मी लिहून देतो. कुल्याश आझेंनी त्याला गप्प केलं. "अतांना जेवायला बोलवा," त्या म्हणाल्या. "मेंढी कापा, मानाचं डोकं त्यांच्यापुढे ठेवा. पद्धतच आहे, ते कान कापून पोरीला देतील, पोर ऐकायला शिकेल. मग ते बाता देतील. एकदा मोठ्या माणसाची बाता झाली, आशीर्वाद मिळाला, सगळ्यांनी आउमिन म्हणून तोंडावरून हात फिरवले, की विषय संपला. नंतर कुणाची काय टाप आहे बोलायची! आणि मीही येते, तुमच्याकडून काही चुकायला नको."

मेंढी शोल्पानच्या भावाने गावाहून पाठवली. डोकं भाजून त्याची लव काढायला पाकने आपला ब्लोलॅम्प दिला. गॅरेजांच्या मागे एर्मेकने तो पेटवला तेव्हा पहिल्या भडक्यात त्याच्याच डाव्या भुवईची लव निघाली. डोकं मात्र छान भाजलं गेलं. सबंध संध्याकाळ तो पाहुण्यांकडे उजव्या बाजूनेच बघत राहिला.

ओराझाली अता आले. बारीक चणीचे, पांढऱ्या दाढीचे, काठी टेकत. इतकी वर्षं इतक्या ठिकाणी मानाचं जेवण जेवून माणसाच्या चेहऱ्यावर एक शांत कंटाळा येतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर होता. त्यांना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. एका बाजूला तुर्सिनसाहेब, दुसऱ्या बाजूला गुलझान अपाय, मग पाक आणि आझे. अकबोता कोपऱ्यात. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशी तिला ताकीद होती, आणि पहिलं सूप होईपर्यंत तिने ती पाळली.

बोलले ते मोठेच.

"शेवट आठवला की अजून अंगावर काटा येतो, अता," अपाय म्हणाल्या. "ते शिंगरू दाराशी येऊन खिंकाळतं, आणि इसेनची आई पीठ भरल्या हातांनीच धावत येते..." त्यांनी रुमाल काढला.

तुर्सिनसाहेबांनी आदराने खाकरून घेतलं. "आई कुठून आणलीत, अपाय? शेवटी घोड्यांची शर्यत आहे. शिंगरू पहिलं येतं आणि सगळा जिल्हा टोप्या उडवतो."

"शर्यत?" पाक म्हणाला. "अहो, मरतं ते. इसेनला वाचवताना. मी सहावीत असताना इतका रडलो होतो की मला घरी पाठवलं."

"मरतं?" अपाय किंचाळल्या. "माझ्या वर्गात पंचवीस वर्षांत एकदाही मेलेलं नाही!"

"शर्यतीचं तर बागेत चित्र आहे!" तुर्सिनसाहेब म्हणाले.

आवाज चढले. अपायनी पाकला सांगितलं की ज्याला दात उपटण्यापलीकडे काही येत नाही त्याने साहित्यात बोलू नये. पाकने सांगितलं की अपायची डावीकडची दाढ कुणी वाचवली ते त्यांनी आठवावं. आझे सगळ्यांनाच दुजोरा देत होत्या. शेवटी तुर्सिनसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "पुस्तक ज्यांनी लिहिलं ते समोर बसलेत! अता, तुम्हीच सांगा. काय होतं शेवटी?"

ओराझाली अतांनी दाढी कुरवाळली. बराच वेळ कुरवाळली.

"शर्यतच असावी," ते म्हणाले. "मलाही शर्यतच आठवते. पण दाराशी येतं ते जास्त चांगलं आहे..." मग त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. "ही कोण? हीच ना ती बालवाचक? बाळ, तू वाचलंयस. तू सांग."

शोल्पान डोक्याचं ताट घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. तुर्सिनसाहेबांनी एर्मेककडे असं बघितलं की त्याची उरलेली भुवईही जळून जावी. अकबोतानेही बापाकडेच बघितलं. तिला एकच वाक्य म्हणायचं होतं, शिंगरू सुखरूप घरी परतलं. चार शब्द. सोहळा पार पडला असता, नाक शाबूत राहिलं असतं. आणि पोर पुन्हा आयुष्यात कधी पुस्तकाला हात लावती ना, हेही एर्मेकला त्याच क्षणी कळलं. त्याला ती खिडकी आठवली, आणि मेलं म्हणजे प्रश्न मिटला म्हणणारा तो अधिकारी.

"सांग बाळ," तो म्हणाला. "जे आहे ते सांग."

"बांधलेलं आहे," अकबोता म्हणाली. "खाऱ्या विहिरीपाशी. इसेन आत्ता येतो म्हणाला आणि आलाच नाही. तुम्हीही नाही आलात."

"कोणती विहीर?" अतांनी विचारलं.

"अकराव्या प्रकरणातली. दोर घोड्याच्या केसांचा आहे. दुहेरी गाठ मारलीय. सुटू नये म्हणून, असं तुम्हीच लिहिलंय."

शोल्पानने ताट त्यांच्यापुढे ठेवलं, डोक्याचं तोंड त्यांच्याकडे करून, पद्धतीप्रमाणे. अतांनी त्याकडे बघितलंही नाही.

"दुहेरी गाठ," ते पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो कंटाळा कुठल्या कुठे गेला होता. "बाराव्यात सोडवायचं होतं त्याला. अगदी ठरलं होतं माझं. पण संपादक म्हणाला, आधी पोराला शाळेत घाला, मग कृषितज्ज्ञ करा, छपाईला उशीर होतोय. घातला. केला. आणि मग परत जायचं... माझा बाप घोडे राखायचा. आल्यागेल्याच्या घोड्याला पाणी पाजल्याशिवाय स्वतः चहाचा घोट घ्यायचा नाही. आणि मी!"

शोल्पानने सुरी हळूच त्यांच्या हाताशी सरकवली.

"पन्नास वर्षं लोक मला डोकं वाढतायत," अता म्हणाले. "मंत्र्यांनी वाढलं. शाळांनी वाढलं. एकानेही सांगू नये?"

"आम्हाला काय माहीत, बाबा," आझे म्हणाल्या. "आमच्या पोरांच्या वेळी पहिलंच प्रकरण होतं अभ्यासाला."

अतांनी सुरी उचलली. आझेंनी एर्मेकला कोपराने ढोसलं; आता कान. त्यांनी मेंढीचा कान सफाईने कापला. अकबोताने शहाण्या मुलीसारखे दोन्ही हात पुढे केले. अतांनी तिच्या हातांकडे बघितलं, कानाकडे बघितलं, आणि कान आपल्याच तोंडात टाकला.

"ऐकायची गरज मला आहे," ते चावत म्हणाले. "सूनबाई, जीभ वेगळी काढून ठेवली असशील आत. ती आण, आणि या पोरीला दे."

"अता!" आझे ओरडल्या. "मुलीला जीभ? जन्मभर गप्प बसायची नाही ती!"

"म्हणूनच," अता म्हणाले.

जेवण झालं. मांस आणि रुंद शेवयांच्या बेशबारमाकचं ताट चाटूनपुसून साफ झालं, चहा आला. अतांनी आपला पेला हाताने दूर सारला. मग त्यांनी दोन्ही तळहात वर करून ओंजळ पसरली, आणि बाता घ्यायला सगळ्यांनी हात पसरले. बाता चालू असताना कुणी बोलत नाही, हात खाली घेत नाही, उठून तर जातच नाही. विषय कायमचा मिटण्याची वेळ आली म्हणून तुर्सिनसाहेबांनी सगळ्यांत आधी पसरले.

"या घरात बरकत नांदो," अतांनी सुरुवात केली. "या पोरीला दीर्घायुष्य लाभो. आणि खाऱ्या विहिरीकडच्या वाटेवर आज एक म्हातारा चालत जावो." तुर्सिनसाहेबांनी डोळे उघडले. "त्याचे गुडघे दुखोत, पण त्याने थांबू नये. वाटेत झाऊची झुडपं लागोत, वारा पश्चिमेचा असो, त्याला लांबूनच खुंट दिसो..."

बाता वाढत चालली. म्हाताऱ्याला वाटेत एक रिकामी बादली सापडली. टेकडी चढताना तो दोनदा बसला. पाकचे हात थरथरू लागले, अपायनी आपले कोपर हळूच गुडघ्यांवर टेकवले. तुर्सिनसाहेबांच्या लक्षात आलं असावं की खात्याचा शिक्का नसलेलं बारावं प्रकरण आपल्या समोर तयार होतंय. पण बातेच्या मध्ये बोलायची छाती त्यांचीही नव्हती.

"शिंगरू कान टवकारो. ते म्हाताऱ्याला ओळखो. म्हातारा गाठ सोडो..."

"आधी पाणी," अकबोता कुजबुजली. "सोडलं तर पळेल. तहानलेलंय."

आझेंनी डोळे वटारले. अतांनी मान डोलावली. "आधी म्हातारा बादली विहिरीत सोडो. एक बादली. ती शिंगरू संपवो. दुसरी बादली. तिच्यात ते नाकापर्यंत तोंड बुडवो, आणि पन्नास वर्षांची तहान त्याची भागो..."

एर्मेकला पाणी पिण्याचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं. रोज शहरभराचं पाणी मोजणारा माणूस तो, पण एवढं बरं त्याला कुठल्याच पाण्याने वाटलं नव्हतं. डोळे भरून आले, आणि ते पुसता येईनात, कारण हात बातेत अडकलेले.

"मग गाठ सुटो. दोर गळून पडो. आणि निळे खूर गवतावरून जिकडे वाटेल तिकडे धावोत. आउमिन!"

"आउमिन!" सगळे ओरडले आणि तोंडावरून हात फिरवले. तुर्सिनसाहेबांनीही फिरवले. आउमिन म्हटलं म्हणजे मंजूर, त्याला आता कुठलं खातं नाही म्हणणार? अपाय हुंदके देत होत्या, आणि पाक दोन्ही दंड चोळत होता. अतांनी पेला उचलला आणि निवलेल्या चहाचा एक मोठा घोट घेतला.

मग सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. लेखकाचीसुद्धा.

अकबोता जीभ चघळत विचार करत होती.

"छान झालं," ती म्हणाली. "थोडं लांबलं. पण..."

"पण काय?" अता कानामागे हात धरून पुढे झुकले.

"ती नखं. बेटावरच्या त्या चौघांची. तुम्ही नाही लिहिलेलं ते, माहितीये मला. पण आता तुम्हाला जमतंय, तर..."

ओराझाली अतांनी पेला खाली ठेवला आणि पुन्हा ओंजळ पसरली. कुणीतरी कण्हलं. बाकीच्यांचे हात वर जायच्या आत एर्मेकचे गेले होते.